ओआची सर्दी

११ नोव्हेंबर

ओआ पुन्हा शिंकायला लागला. मागच्या खेपेचं औषध संपलं तेव्हा वाटलं होतं, सुटलो. कसलं काय. सकाळी पिंजऱ्यापाशी गेले तर नाकाखाली पांढरट चिकट शेंबूड, आणि पुढच्या दोन्ही पायांची लव चिकटून गुठळ्या झालेल्या. ससा नाक पायांनी पुसतो, मग ते पाय जिभेनं चाटून स्वच्छ करतो. रोग होता तिथंच फिरत राहतो.

वेइलुनने, माझ्या नवऱ्याने, त्याला आणलं तेव्हा तो माझ्या तळहातावर मावायचा. रंग करडा, आत जांभळट झाक, अगदी चिरलेल्या अळकुडीसारखा. इकडच्या बोलीत ओआ म्हणजे अळकुडीच. नाव ठेवणारा जाऊन आता दोन वर्षं होतील. घरात मी, सासरे आणि ओआ. तिघांपैकी दोघांना बोलता येतं, पण ते दोघे फारसं बोलत नाहीत.

बाबा दारातूनच म्हणाले, "शिंकला ना?"

"हो."

"हं."

झालं आमचं बोलणं.

१३ नोव्हेंबर

ओआला पिशवीत घालून बसने शीझीला, लो डॉक्टरीणबाईंकडे. वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, पण ओआला धरते तेव्हा तो माझ्या हातात कधी बसत नाही इतका शांत बसतो. मला थोडं लागतंच ते.

म्हणाली, "हे नाकाच्या मागे, हाडांच्या पोकळ्यांत मुरलंय. मुळापासून जाईल असं वचन मी देत नाही. दाबून ठेवायचं, आणि त्याला आरामात जगू द्यायचं. मात्र ससा फक्त नाकानं श्वास घेतो. तोंड उघडून घ्यायला लागला तर एक क्षण थांबू नका."

नवं औषध सकाळ-संध्याकाळ, बिनसुईच्या सिरिंजने. शिवाय रोज यंत्राने औषधाची वाफ. आणि बजावून सांगितलं, माणसांची औषधं मनानं द्यायची नाहीत. आपण सर्रास घेतो त्या अमॉक्सिसिलिनसारखी गोळी सशाच्या पोटात गेली तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि मागोमाग ससा.

मग म्हणाली, "घरात धूळ, धूर काय असतं?"

"मी कपडे दुरुस्तीचं काम घरीच करते."

"कापडाचे तंतू उडतात. मशीन दुसऱ्या खोलीत न्या. धूर?"

"सासरे देव्हाऱ्यापुढे उदबत्त्या लावतात. दोन्ही वेळा. पिंजरा त्याच खोलीत आहे."

"बंद करा," ती म्हणाली. नळ बंद करा म्हणावं तसं.

१४ नोव्हेंबर

मशीन माझ्या खोलीत नेलं. ओआलाच तिकडे न्यावं तर त्या भिंतीला बुरशी. कीलुंगच्या पावसात उत्तरेची भिंत कधी सुकत नाही.

जेवताना बाबांकडे विषय काढला. भांडणच झालं.

"तुझ्या सासूला किती वर्षं उदबत्ती लावतोय मी? आणि आता पोराला. एका सशाला शिंका येतात म्हणून त्या दोघांना उपाशी ठेवू?"

"तो वेइलुनचा ससा आहे, बाबा."

"आणि वेइलुन कुणाचा होता?"

संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर उदबत्त्या पेटवल्या. मी पिंजरा उचलून न्हाणीघरात नेऊन ठेवला. तिथं ओल. म्हणजे धुरातून काढून दमटात. रडू आलं ते रागानंच.

१८ नोव्हेंबर

आज वाफेचा पहिला दिवस. ओआला टॉवेलात गुंडाळून पुढच्या दातांच्या मागच्या फटीतून सिरिंज घालायची, औषध थेंबाथेंबाने. घाई केली तर ठसका लागून फुफ्फुसात जातं. माझे हात इतके कापत होते की निम्मं औषध टॉवेलने प्यायलं.

वाफेसाठी झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणला होता. त्याला सुरीने भोकं पाडत बसले, तेवढ्यात बाबा आले. "बोट कापशील," म्हणाले आणि डबा माझ्या हातातून काढूनच घेतला. ड्रिल आणलं, ओळीत भोकं पाडली आणि कडा कानशीने घासल्या. बंदरावर जन्मभर क्रेन चालवलेले हात. कापत नाहीत.

ओआ डब्यात बसला, वाफेत दिसेनासा झाला. बाबा वाकून बघत होते. "आत घाबरत नाही ना?" म्हणाले.

मग उठून उदबत्ती लावली. या माणसाचं मला काही कळत नाही.

२३ नोव्हेंबर

तैतुंगहून आईचा फोन. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे दोन्हीकडून आरडाओरडा.

"तिथं कोण उरलंय गं तुझं? म्हाताऱ्याची भांडी घासायला राहिलीस? चाळिशी म्हणजे काही म्हातारपण नव्हे. ये इकडं!"

दर वेळचंच. तिला गप्प करायला मी ओरडले, "ओआ आहे तोवर मला हलता येत नाही, आई! एवढा प्रवास त्याला सोसायचा नाही. पुढचं पुढं बघू!"

बाबा स्वयंपाकघरात मुळा सोलत होते. फोन ठेवून गेले तर मुळा अर्धा सोलून तसाच, आणि ते खोलीत जाऊन झोपलेले. वयानं लवकर दमतात हल्ली.

२४ नोव्हेंबर

देव्हारा रिकामा! म्हणजे पूर्वजांच्या नावांची पाटी आहे, वेइलुनचा फोटो आहे, पण उदबत्त्यांचं पात्र नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, "ठेवलंय कुठंतरी. तू तुझ्या सशाचं बघ."

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पटलेलं दिसतं. म्हातारी माणसं आधी ओरडतात, मग ऐकतात.

६ डिसेंबर

ओआ सुधारतोय. पाय कोरडे, रात्रीच्या शिंका कमी. सुकं गवत गॅलरीत झटकून मगच आत आणते. औषध द्यायलाही जमू लागलं. आज त्याने गवताची काडी तोंडात धरून पिंजऱ्यात गिरकी घेतली. वेइलुन असता तर टाळ्या वाजवल्या असत्या.

बाबांनी बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणली. "हे खातो ना तो?"

"खातो."

"ससे किती वर्षं जगतात?"

"आठ, दहा. नीट सांभाळले तर बाराही."

"आणि असा आजारी असला तर?"

हे त्यांनी मला तिसऱ्यांदा विचारलं. पाहुणा कधी जाणार असं विचारल्यासारखं वाटतं.

१९ डिसेंबर

पाऊस थांबायचं नाव नाही. बाबांच्या सपाता रोज ओल्या, फरशीवर पावलांचे ठसे, आणि ओल ओआला वाईट म्हणून मी फडकं घेऊन मागे. कुठं जातात विचारलं तर म्हणतात, "पाय मोकळे करायला." या पावसात? अंगाला उदबत्तीचा वास येतो. देवळात जात असावेत. जाऊ देत, घरात धूर नाही एवढं पुरे.

२ जानेवारी

बाबांना खोकला झालाय. कोरडा, खोल, सकाळी जास्त. इथं मी ओआला एकेक शिंकेपासून जपते आणि हे त्याच्या डब्यावर वाकून खोकतात. आज म्हटलंच, "बाबा, खोकला आहे तोवर ओआपासून लांब राहाल का? आणि मास्क लावा."

"बरं," म्हणाले. भांडले नाहीत, टोमणाही मारला नाही. मास्क लावून खुर्ची स्वयंपाकघरात नेली आणि तिथून, दारातून बघत बसले.

मी त्यांना आल्याचा चहा करून दिला. डॉक्टरकडे जा म्हटलं. म्हणाले, "थंडीचा खोकला आहे. थंडी गेली की जाईल."

१५ जानेवारी

चांद्र वर्षाच्या अखेरीची कामं आली आहेत. सगळ्यांना नव्या वर्षाचे कपडे बसायला हवेत. दिवसभर मशीन. ओआचं खाणं थोडं कमी वाटतं. का माझ्या मनाचे खेळ?

बाबा जिन्यात थांबत थांबत चढतात. चौथा मजला, लिफ्ट नाही, वय शहात्तर. मी भाजी आणून देईन म्हटलं. म्हणाले, "कोथिंबीर तुला पारखता येत नाही. पिवळी आणतेस."

२१ जानेवारी

आजचा दिवस कसा लिहू? सगळं एकाच दिवसात घडलं.

सकाळी ओआने गवताला तोंड लावलं नाही. कोथिंबीरही तशीच. लेंड्या बारक्या, मोजक्या. सशाचं पोट थांबलं की संपलं, एवढं मला आता पाठ आहे. डॉक्टरीणबाईंना फोन केला. तिने विचारलं, "काही वेगळं पोटात गेलंय का?" नाही म्हटलं.

दुपारी कात्री शोधायला स्वयंपाकघरातला खण उघडला. आत गोळ्यांची पट्टी. अमॉक्सिसिलिन. निम्मी रिकामी.

पट्टी उचलून वळले. बाबा खुर्चीत बसले होते.

"ही काय आहे?"

"कुठं काय."

"ओआला दिलीत तुम्ही? माणसाची गोळी दिलीत?"

"मी कशाला देऊ?"

"मग निम्मी पट्टी गेली कुठं? लवकर बरा व्हावा म्हणून दिलीत, की..." पुढचं मी बोलायला नको होतं. "की लवकर सुटका व्हावी म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या वर फक्त डोळे. "मी घेतल्या," म्हणाले. "माझ्यासाठी."

"खोटं! तुम्ही आयुष्यात स्वतःहून औषध घेतलेलं नाही!"

मी ओआला कुशीत घेऊन खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

दिवेलागणीला बाहेर आले तर खुर्ची रिकामी. दार नुसतं लोटलेलं, सपाता नाहीत. पाऊस धो धो. तिसऱ्या मजल्यावर खो काकूंकडे गेले असतील म्हणून खाली गेले.

काकू म्हणाल्या, "माझ्याकडे कशाला असेल? या वेळी तो छतावर असतो."

"छतावर? कशाला?"

"उदबत्ती लावायला. पाण्याच्या टाकीखाली मांडलंय की सगळं. सकाळ-संध्याकाळ, पाऊस असो नाही तर वारा." मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. "तुला ठाऊक नव्हतं? मला वाटलं, तूच पाठवतेस."

मी वळले तर मागून म्हणाल्या, "आणि बघ गं त्याच्या खोकल्याचं. माझ्या दाताच्या वेळच्या गोळ्या उरल्या होत्या, त्या दिल्या मी. पण उतार दिसत नाही."

जिना कसा चढले आठवत नाही. बाबा टाकीला टेकून बसले होते. छत्री होती, पण ती त्यांनी उदबत्त्यांच्या पात्रावर धरली होती. स्वतः चिंब. हाक मारली तर मान हलवली, शब्द फुटेना. मी मास्क खाली ओढला. नाकपुड्या फुलत होत्या, प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता, ओठ निळसर. महिनोन्महिने मी एका नाकाकडे बघत बसले होते, म्हणून हे नाक मला वाचता आलं. तेही आज.

रुग्णवाहिका घेऊन आलेल्या अग्निशमनच्या दोघांनी खुर्चीत बांधून खाली उतरवलं. दोन्ही बाजूंना न्यूमोनिया. रुग्णालयाच्या बाकावर बसून हे लिहितेय. घरी ओआ उपाशी आहे.

२२ जानेवारी

सकाळी काकूंना फोन केला. "काकू, ओआला शीझीला न्यावं लागेल. मला इथून हलता येत नाही."

"मी? अगं मला उंदराचीसुद्धा भीती वाटते!"

"तो उंदीर नाही."

"दात तसेच आहेत!"

पण गेल्या. बसमध्ये बसल्यापासून उतरेपर्यंत फोन चालू. "हा माझ्याकडे बघतोय गं." "आता डोळे मिटले. झोपला का मेला?" "नाक हलतंय. हलतंय, हलतंय." आणि मध्येच, "गोळ्या मी दिल्या नसत्या तर तो आधीच डॉक्टरकडे गेला असता, नाही का गं?" मी नाही म्हटलं. मी काय म्हणणार? पावसात बाबांना छतावर पाठवणारी मीच. तोंडाने नसेल पाठवलं.

डॉक्टरीणबाईंनी ओआला प्राणवायूच्या पेटीत ठेवलंय. गोळीबिळी काही नाही, म्हणाली. आजार उलटलाय, त्यात पोट थांबलं. उद्यापर्यंत कळेल.

इथं बाबांच्या तोंडावर मास्क, तिथं ओआ पेटीत. डॉक्टर मला विचारतात, खोकला कधीपासून? ताप कधीपासून? वजन उतरलं का? ओआचं वजन मला ग्रॅममध्ये सांगता आलं असतं. यांचं काहीच सांगता येईना.

२४ जानेवारी

बाबांनी डोळे उघडले. मास्क बाजूला करून पहिला शब्द, "ससा?"

"बरा आहे."

"खरं सांग."

"डॉक्टरीणबाईंकडे आहे. पेटीत. अजून खात नाही."

त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. वेइलुनच्या वेळी त्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मग आता तू जाशील."

"कुठं जाणार? इथंच बसलेय."

"तैतुंगला. जा. थांबवत नाही मी. थंडी संपल्यावर जा मात्र."

नर्सने येऊन मास्क पुन्हा लावला. ताप अजून उतरलेला नाही. तापात माणूस काय वाटेल ते बोलतो.

२६ जानेवारी

ओआने कोथिंबिरीचं एक पान खाल्लं! डॉक्टरीणबाईंनी फोटो पाठवला. बाबांना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला आणि कितीतरी वेळ परत दिला नाही.

८ फेब्रुवारी

दोघेही घरी. आधी ओआ आला, काल बाबा. आज औषधांचे दोन ढीग टेबलावर, आणि बाबांनाही वाफ घ्यायची आहे. ओआ डब्यात, बाबा तोंडाला नळी लावून शेजारी. खो काकू नव्या वर्षाचा गोड केक घेऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "अगं बाई, तू कारखाना काढलास की काय!" बाबा हसले, हसताना खोकले, खोकताना मला हाताने म्हणाले, काही नाही, काही नाही.

धूर आता त्यांनाही वर्ज्य. देव्हाऱ्यापुढे मी चहाचे दोन पेले ठेवले.

बाबा म्हणाले, "धुराशिवाय वर पोचतं की नाही कुणास ठाऊक."

"चहाला वाफ असते," मी म्हटलं.

नंतर मी विचारलं, "छतावर का गेलात? मला सांगायचं. खिडकी उघडली असती, काहीतरी केलं असतं."

"सशाला चांगलं नव्हतं ना."

"आधी तर भांडलात."

"भांडलो," म्हणाले, आणि टीव्ही लावला. त्या पट्टीवरून मी जे बोलले त्याबद्दल क्षमा मागायची होती. टीव्ही मोठा होता. उद्या मागेन.

९ फेब्रुवारी

मागितली. म्हणाले, "ससा खातोय ना? मग झालं."

२७ मार्च

पितरांच्या सणाची गर्दी व्हायच्या आत वेइलुनकडे जाऊन आले. डोंगरावर जिथं अस्थी ठेवलेल्या असतात तिथं पायऱ्या फार, बाबांना डॉक्टरांनी मनाई केली. शेवटी मीच म्हटलं, "तिथं पोचले की फोन करते. तुम्ही बोला त्याच्याशी."

"हं," म्हणाले. "ओआचं औषध मी देतो."

"जमेल?"

"तुझ्याआधी जमलं असतं. विचारलं असतंस तर."

वर ढग खाली उतरले होते, पण पाऊस नव्हता. वेइलुनच्या कप्प्याची काच पुसली, संत्री मांडली, फोन लावला आणि आवाज मोठा करून काचेपाशी धरला. वाटलं, काही गंभीर बोलतील, निदान हाक मारून थांबतील. त्यांनी क्रेनवरून खालच्या माणसाशी बोलावं तसं सुरू केलं.

"वेइलुन. ऐक. ससा खातोय. डॉक्टरीण म्हणते, नाक पूर्ण बरं कधीच व्हायचं नाही, आयुष्यभर बघावं लागणार. मी म्हटलं, चालेल. आम्हाला चालेल. आज औषध मी दिलं, एक थेंब सांडला नाही. माझा खोकला गेला. तिची आई अजून बोलावते तिला. तुझ्या बायकोला वाटतं मला ऐकू येत नाही. तो ससा आहे तोवर ती आहे, असं ती स्वतःच म्हणाली होती, म्हणून मी... ते राहू दे. तू काही बोलू नकोस तिला."

मी फोन धरून उभी. अर्धा सोललेला मुळा, रिकामा देव्हारा, ससे किती वर्षं जगतात. मी एवढी मूर्ख असेन असं मला वाटलं नव्हतं.

"भात टाकलाय," बाबा पुढे म्हणाले. "मुळ्याचं सूप आहे. तिला सांग, पाऊस यायच्या आत घरी ये म्हणावं."

मागे ओआ शिंकल्याचा आवाज आला, आणि बाबा त्याला काहीतरी म्हणाले.

मी काचेवर हात ठेवला, फोन तोंडाशी आणला, आणि दोघांना मिळून एकच शब्द म्हटला.

"येते."